गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठी: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फायब्रॉइड’ हा शब्द दिसला की पहिली भीती कॅन्सरची वाटते. त्यापाठोपाठ घरातलं किंवा शेजारचं कोणीतरी सांगतं, ‘पिशवी काढून टाक, कटकट मिटेल.’ बहुतेकींच्या बाबतीत ही भीती खोटी असते आणि हा सल्लाही घाईचा असतो. माझ्या ओपीडीत बायका, त्यांचे नवरे, कधी सासूबाई किंवा लेकी जे प्रश्न विचारतात, तेच इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण ते विषयच तसे आहेत.

फायब्रॉइड म्हणजे नेमकं काय?

गर्भाशयाची भिंत मुख्यतः स्नायूंची असते. त्या स्नायूतली एखादी पेशी बदलते, तिच्यापासून तशाच पेशी तयार होत राहतात आणि त्यांची गोल, टणक गाठ बनते. हीच फायब्रॉइडची गाठ. डॉक्टर तिला ‘मायोमा’ किंवा ‘लिओमायोमा’ असंही म्हणतात. एकाच गर्भाशयात अशी एक गाठ असू शकते किंवा पंधरा-वीसही असू शकतात. काही मुगाच्या दाण्याएवढ्या असतात, काही नारळाएवढ्या होतात. यातल्या बऱ्याच गाठींमध्ये ‘मेड१२’ या एकाच जनुकातला बदल सापडतो.

या गाठी फार सामान्य आहेत. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सोनोग्राफी पाहणीत असं दिसलं, की पन्नाशीपर्यंत सुमारे ७० टक्के गोऱ्या आणि ८० टक्क्यांहून जास्त कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गर्भाशयात फायब्रॉइड तयार झालेले असतात. त्यातल्या कितीतरी जणींना त्याचा पत्ताही नव्हता. सोनोग्राफी सहज होऊ लागल्यापासून आपल्याकडेही गाठी जास्त ‘सापडतात’, एवढंच.

मला का झाली? माझं काही चुकलं का?

नाही. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांवर ही गाठ पोसते, म्हणून पाळी सुरू असण्याच्या वयात ती वाढते आणि पाळी गेल्यावर आक्रसते. आईला किंवा बहिणीला असेल, पाळी लहान वयात सुरू झाली असेल, वजन जास्त असेल तर शक्यता वाढते. मुलं झालेल्या स्त्रियांमध्ये ती थोडी कमी दिसते.

तांबी बसवल्याने, गर्भपात केल्याने, जड उचलल्याने किंवा पाळीत डोक्यावरून पाणी घेतल्याने फायब्रॉइड होत नाही. हे मुद्दाम लिहावं लागतं, कारण यातला एखादा आरोप घरात कोणीतरी केलेला असतोच.

रिपोर्टमध्ये इंट्राम्युरल, सबसीरस, सबम्युकस असं काहीतरी लिहिलंय. ते काय?

रिपोर्टमधली सगळ्यात कामाची ओळ हीच. गाठ किती सेंटीमीटरची यापेक्षा ती कुठे आहे, यावर तुमचा त्रास आणि उपचार जास्त अवलंबून असतात.

गर्भाशयाच्या आतल्या पोकळीत डोकावणारी गाठ ती सबम्युकस. ती दीड सेंटीमीटरची असली तरी धो-धो रक्तस्राव करू शकते आणि दिवस जाण्यात आडवी येऊ शकते. भिंतीच्या जाडीतच बसलेली ती इंट्राम्युरल. ही सगळ्यात जास्त आढळते. मोठी झाली की पाळी जड होते, ओटीपोट जड वाटतं. बाहेरच्या अंगाने वाढलेली ती सबसीरस. ही सात-आठ सेंटीमीटरची होऊनही पाळीत काडीचा फरक पडत नाही, अशा बायका मी नेहमी पाहते. ती पुढे मूत्राशयावर दाबली तर लघवीला वारंवार जावं लागतं. मागे दाबली तर शौचाला त्रास होतो. काही सबसीरस गाठी देठावर लोंबतात. देठाला पीळ पडला तर पोटात अचानक जोराची कळ येते, पण हे क्वचितच होतं.

रिपोर्टवर ‘फिगो’ (स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची वर्गवारी) आणि पुढे ० ते ८ मधला आकडा असेल, तर तो याच जागेचा आकडा आहे. ०, १ आणि २ म्हणजे पोकळीत शिरलेल्या गाठी. आकडा वाढला की आजार गंभीर झाला, असं नाही. ‘मॅडम, माझी सहाव्या स्टेजची आहे’ असं रडवेलं होऊन सांगणाऱ्या बाईची गाठ बऱ्याचदा सगळ्यात निरुपद्रवी निघते.

माझं वय ३८. दुसऱ्याच कारणाने सोनोग्राफी केली, तर ४ सेंमीची गाठ निघाली. त्रास काहीच नाही. काढावी का?

नको. सहा महिने ते वर्षाने पुन्हा सोनोग्राफी करून वाढीवर नजर ठेवा आणि पाळीत बदल झाला तर दाखवा. ‘आत्ता लहान आहे तोवर काढून टाकू’ हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण त्रास न देणारी गाठ काढण्यात भूल, टाके, चिकटणारी आतडी हे धोके खरे असतात आणि फायदा नुसता संभाव्य. शिवाय एक काढली म्हणून नवी येणार नाही, असं नसतं.

याला अपवाद आहेत. गाठ मूत्रवाहिनी दाबून मूत्रपिंडाला सूज आणत असेल, पोकळीत असून तुम्हाला मूल हवं असेल किंवा सोनोग्राफीत तिचं रूप संशयास्पद दिसत असेल, तर त्रास नसतानाही पुढे जावं लागतं.

अंगावरून जास्त जातं म्हणजे किती? मला नेहमी असंच जातं.

‘नेहमी असंच’ हेच उत्तर जास्त काळजीचं. पुस्तकात ८० मिलिलिटर हा आकडा असतो, पण घरी कोणी मोजत नाही. तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, रात्री उठून बदलावं लागत असेल, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गुठळ्या पडत असतील, सात दिवसांहून जास्त जात असेल, पाळीच्या दिवसांत लग्नाला किंवा बाजाराला जाणं टाळावं लागत असेल, तर ते जास्त आहे. आई-आजीलाही तसंच जात होतं, म्हणून ते ठीक ठरत नाही. कदाचित त्यांनाही फायब्रॉइडच असतील.

याची किंमत हिमोग्लोबिनमधून वसूल होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. त्यात भर म्हणून दर महिन्याला असं रक्त जात असेल, तर जिना चढताना धाप लागणं, केस गळणं, माती किंवा बर्फ खावासा वाटणं हे सगळं ‘वयामुळे’ होत नसतं.

हिमोग्लोबिन ७ आलंय. ऑपरेशन लगेच करायचं का?

जीवावर बेतणारा रक्तस्राव सुरू नसेल तर आधी रक्त वाढवायचं. पाळी आटोक्यात आणणारी औषधं सुरू करून लोहाच्या गोळ्या द्यायच्या. गोळी चहाबरोबर घेतली तर शोषली जात नाही. चहा दोन तास लांब ठेवा, गोळी लिंबूपाण्याबरोबर चालते. शौचाला काळं होतं, घाबरू नका. पोटात मळमळतं म्हणून गोळ्या बंद करणाऱ्या फार असतात. तसं होत असेल तर एक दिवसाआड घेऊन पाहता येतं. तेही जमलं नाही तर शिरेतून लोह देतात. आता फेरिक कार्बोक्सिमाल्टोजसारखं इंजेक्शन एकाच बैठकीत १००० मिलिग्रॅमपर्यंत देता येतं. रक्ताची बाटली खरोखर गरज असेल तेव्हाच.

अळीव, खजूर, पालेभाज्या, मटण-कलेजी जरूर खा. पण हिमोग्लोबिन ७ असताना बीट आणि डाळिंबाच्या भरवशावर राहू नका.

ही गाठ कॅन्सरची होते का?

फायब्रॉइड पुढे कॅन्सर ‘बनतो’ असं सहसा होत नाही. गर्भाशयाच्या स्नायूचा एक कॅन्सर असतो, लिओमायोसार्कोमा. तो बहुतेक वेळा स्वतंत्रपणे उगवतो आणि सुरुवातीला फायब्रॉइडसारखा दिसतो. हीच अडचण. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये अंदाज दिला, की फायब्रॉइड समजून ऑपरेशन केलेल्या सुमारे ३५० स्त्रियांमध्ये एकीला सार्कोमा निघू शकतो. इतर अभ्यासांत हे प्रमाण बरंच कमी आलं आहे. वय जितकं कमी, तितकी शक्यता कमी.

पाळी गेल्यानंतर गाठ वाढू लागली किंवा पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं, तर मात्र त्याच आठवड्यात दाखवा.

सोनोग्राफी पुरते की एमआरआय करावा?

बहुतेकींना योनीमार्गे केलेली चांगली सोनोग्राफी पुरते. गाठी खूप असतील, गर्भाशय वाचवून ऑपरेशन किंवा एम्बोलायझेशन (गाठीचा रक्तपुरवठा तोडणारा उपचार) करायचं असेल, तर एमआरआयचा नकाशा कामी येतो. अ‍ॅडेनोमायोसिसचा संशय असला तरीही येतो. त्यात गर्भाशयाचं अस्तरच स्नायूत शिरतं, पाळी फार दुखते आणि गर्भाशय सगळीकडून फुगतं. फायब्रॉइड समजून ते ‘सोलून’ काढायला गेलं, तर सोलायला गाठच सापडत नाही.

पंचेचाळिशीनंतर पाळी बिघडली असेल, तर गाठ दिसते आहे म्हणून तिथेच थांबायचं नाही. अस्तराचा तुकडा तपासून घ्यावा. गाठ आणि अस्तराचा आजार दोन्ही एकाच वेळी असू शकतात.

गोळ्यांनी गाठ विरघळते का?

विरघळत नाही. पण त्रास आटोक्यात राहतो, आणि कितीतरी बायकांना तेवढंच हवं असतं.

ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड ही गोळी पाळीच्या जड दिवसांतच, चार-पाच दिवस घ्यायची. गाठीला ती हात लावत नाही, रक्त मात्र लक्षणीय कमी करते. ती जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या संशोधक दांपत्याने १९६२ मध्ये शोधली. बाळंतपणातल्या रक्तस्रावाने स्त्रिया दगावू नयेत, हा उताकोबाईंचा ध्यास होता. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊन गेली असेल, तर ही गोळी नको. मेफेनॅमिक अ‍ॅसिडने दुखणं आणि थोडा स्राव कमी होतो. गर्भनिरोधक गोळ्यांनी पाळी हलकी होते. आपल्या लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली ऑर्मेलॉक्सिफेन, म्हणजे ‘सहेली’ आणि सरकारी दवाखान्यातली ‘छाया’, हीसुद्धा जास्त स्रावासाठी दिली जाते.

गाठीचा आकार खरोखर कमी करणारी औषधं वेगळी. ल्युप्रोलाइडसारखं महिन्याचं इंजेक्शन शरीराला तात्पुरतं पाळी गेल्यासारखं भासवतं, गाठ आक्रसते, पाळी थांबते. पण अंगातून वाफा येतात, हाडं विरळ होतात आणि इंजेक्शन थांबवलं की गाठ पुन्हा जागेवर. म्हणून ते ऑपरेशनआधी तीनेक महिने देतात, तेवढ्यात रक्तही वाढतं. याच वाटेच्या नव्या तोंडी गोळ्यांना, म्हणजे एलागोलिक्स आणि रेलुगोलिक्स यांच्या संप्रेरकयुक्त मिश्रणांना, अमेरिकेत २०२० आणि २०२१ मध्ये मान्यता मिळाली. त्याही जास्तीत जास्त दोन वर्षं. युलिप्रिस्टल या गोळीने आकार घटतो, पण काही रुग्णांचं यकृत गंभीरपणे बिघडलं आणि युरोपने तिच्या वापरावर कडक मर्यादा घातल्या. कोणी लिहून दिली तर यकृताच्या तपासण्यांबद्दल विचारा. मिफेप्रिस्टोन कमी मात्रेत देतात, तीही डॉक्टरांच्या नजरेखालीच. दुकानातून आणून स्वतःच्या मनाने यातलं काहीही नको.

काढा, गुग्गुळ, पपई, एरंडेलाच्या पट्ट्या… काहीतरी घरगुती?

कशानेही गाठ गेल्याचा भक्कम पुरावा नाही. ‘माझ्या मावशीची गेली’ असं सांगणाऱ्यांच्या मावशीचं वय विचारा. बहुतेक वेळा त्याच सुमाराला पाळी गेलेली असते. वैद्यांकडून औषध घेत असाल तर मला राग नाही, फक्त मला सांगा, आणि त्या काळात हिमोग्लोबिन व सोनोग्राफी चुकवू नका. धातूंची भस्मं असलेली औषधं कोणी नाव न सांगता पुडीत बांधून देत असेल, तर ती घेऊ नका. ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि फायब्रॉइड यांचा संबंध अभ्यासांत दिसतो. कमतरता असेल तर ती भरून काढावी, त्याने निदान हाडांचं भलं होतं.

मिरेना बसवली तर?

संप्रेरक सोडणारी ही तांबीसारखी वस्तू गर्भाशयात बसते आणि अनेकींचा स्राव कित्येक वर्षांसाठी फार कमी करते, कधी पाळी जवळजवळ बंदच होते. गाठ त्याने जात नाही. पोकळी गाठीमुळे वाकडी झाली असेल तर मिरेना निसटून बाहेर येण्याची शक्यता वाढते, म्हणून आधी पोकळी पाहून घ्यावी लागते. पहिले काही महिने मध्येमध्ये डाग पडतात. हे आधी सांगितलं नाही, तर बायका दुसऱ्या महिन्यातच ती काढून घ्यायला येतात.

लग्नाला चार वर्षं झाली, दिवस जात नाहीत. गाठीमुळेच का?

पोकळीत डोकावणारी असेल तर तिचा वाटा असू शकतो आणि ती काढल्याने फायदा होतो. बाहेरच्या अंगाची सबसीरस असेल तर कारण दुसरीकडे शोधा. भिंतीतल्या मोठ्या गाठींबाबत तज्ज्ञांतच मतभेद आहेत. गाठीवर बोट ठेवून ऑपरेशन करण्याआधी नळ्या, बीज तयार होणं आणि नवऱ्याची वीर्यतपासणी हे सगळं झालेलं असावं. ही शेवटची तपासणी हजार रुपयांच्या आतबाहेर होते. तरी ती राहून जाते आणि बाईच्या पोटावर टाके पडतात. याचा मला दरवेळी संताप येतो.

दिवस गेलेत आणि गाठही आहे. बाळाला धोका?

बहुतेकींचं गरोदरपण नीट पार पडतं. पहिल्या तिमाहीत गाठ थोडी वाढू शकते. काहींच्या गाठीचा रक्तपुरवठा अपुरा पडून आतल्या आत ती झिजते, तेव्हा चार-पाच महिन्यांच्या सुमाराला पोटात जोराने दुखतं. विश्रांती, पाणी आणि पॅरासिटामॉलने ते सहसा उतरतं. इतर वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. गाठ मोठी किंवा खाली असेल तर बाळ आडवं किंवा पायाळू राहू शकतं, सिझेरियन लागू शकतं, प्रसूतीनंतर रक्तस्राव जास्त होऊ शकतो. म्हणून बाळंतपण रक्तपेढीची सोय असलेल्या ठिकाणी ठरवा. ‘सिझरच करताय तर त्याच वेळी गाठही काढा’ अशी विनंती नेहमी होते. गरोदर गर्भाशयाला रक्तपुरवठा प्रचंड असतो, त्यामुळे अपरिहार्य असल्याशिवाय ते टाळतात.

पिशवी ठेवून फक्त गाठ काढता येते का?

येते. तिला मायोमेक्टॉमी म्हणतात. लंडनचे शल्यविशारद व्हिक्टर बॉनी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही शस्त्रक्रिया हट्टाने पुढे नेली. त्यांच्या पत्नीचं गर्भाशय फायब्रॉइडपायी तरुणपणीच काढावं लागलं होतं आणि त्यांना मूल झालं नाही.

पोकळीतली गाठ योनीमार्गे दुर्बीण घालून काढतात. पोटावर एकही टाका नाही आणि बहुधा त्याच दिवशी घरी. भिंतीतल्या व बाहेरच्या गाठी पोटातून दुर्बिणीने किंवा पोट उघडून. इथे सर्जनचा हात महत्त्वाचा: गाठ सोलून काढणं सोपं, भिंत थरांमध्ये नीट शिवणं कठीण. पुढच्या गरोदरपणात तीच शिवण ताण झेलणार असते. मूल हवं असेल तर साधारण तीन ते सहा महिने थांबायला सांगतात. चीर खोल गेली असेल तर प्रसूती सिझेरियननेच होते. काही जणींना पुढे नव्या गाठी येतात. ऑपरेशनमध्ये रक्त फार गेलं तर जीव वाचवण्यासाठी गर्भाशय काढावं लागण्याची छोटीशी शक्यता संमतीपत्रात लिहिलेली असते. सही करण्याआधी तो कागद वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या.

एम्बोलायझेशन म्हणजे काय? कोणी सांगितलंच नाही.

हे स्त्रीरोगतज्ज्ञ करत नाहीत, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात. कदाचित म्हणूनच ते फारसं सांगितलं जात नाही. मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी गर्भाशयाच्या धमन्यांपर्यंत नेतात आणि सूक्ष्म कण सोडून गाठीचा रक्तपुरवठा तोडतात. पॅरिसच्या झाक राव्हिना यांच्या चमूने फायब्रॉइडसाठीचा हा उपचार १९९५ मध्ये जगासमोर मांडला. पूर्ण भूल लागत नाही, एक-दोन दिवसांत घरी जाता येतं. पहिली रात्र मात्र दुखते, चांगलंच दुखते, आणि काही दिवस ताप व मळमळ राहू शकते. त्यानंतरच्या महिन्यांत गाठ निम्म्याच्या आसपास आक्रसते.

नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात दहा वर्षांनंतरही सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांचं गर्भाशय वाचलेलं होतं. म्हणजे उरलेल्या एक तृतीयांशांना ते पुढे काढावंच लागलं, हेही तितकंच खरं. ब्रिटनमध्ये २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत दोन वर्षांनंतर मायोमेक्टॉमी झालेल्यांचं जीवनमान एम्बोलायझेशनवाल्यांपेक्षा काहीसं जास्त सुधारलेलं दिसलं. मूल हवं असणाऱ्यांना मी सहसा एम्बोलायझेशन पहिला पर्याय म्हणून सुचवत नाही. चाळिशी ओलांडलेली, मुलं झालेली, ऑपरेशन नको असलेली बाई असेल तर जरूर विचार करावा.

आणि ते लेझरसारखं, बिनचिऱ्याचं?

लेझर नव्हे, एकवटलेल्या ध्वनिलहरी. एमआरआय किंवा सोनोग्राफीत पाहत पोटावरूनच गाठ तापवून जाळतात. अमेरिकेत याला २००४ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे मोजक्या ठिकाणी आहे, खर्च मोठा आहे आणि सगळ्या गाठींना चालत नाही.

मुलं झाली आहेत. पिशवी काढली तर बिघडलं कुठे?

काही वेळा काहीच बिघडत नाही. औषधं थकली, गाठी खूप आणि मोठ्या, बाई पंचेचाळिशीची, रक्तक्षयाने हैराण, आणि तिने समजून-उमजून ठरवलं असेल तर हिस्टरेक्टॉमी, म्हणजे गर्भाशय काढणं, हा पक्का आणि चांगला उपाय आहे. फायब्रॉइड कायमचे बंद करणारा तेवढा एकच. माझा आक्षेप आहे तो पहिल्याच भेटीत, तिशीतल्या बाईला, सोनोग्राफीचा कागद पुढे सरकवून सांगितलेल्या हिस्टरेक्टॉमीला.

हे महाराष्ट्रात बोलायचं तर बीडचं नाव घ्यावंच लागतं. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. पाळीमुळे एक दिवस जरी कोयता थांबला तरी खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. फडावर ना संडास, ना पाणी, ना पॅड. पोटात दुखतं किंवा अंगावर पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला ‘पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल’ असं सांगितलं की ती कर्ज काढून ऑपरेशन करते. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. प्रश्न बीडपुरता नाही. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अशा शस्त्रक्रियांबद्दल आरोग्य कार्यकर्ते डॉ. नरेंद्र गुप्ता सर्वोच्च न्यायालयात गेले होते. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात, असा आदेश दिला.

तेव्हा कोणी पिशवी काढायला सांगितली तर तीन गोष्टी विचारा. नेमक्या कोणत्या त्रासासाठी? आधी कोणती औषधं देऊन पाहिली? आणि नाही काढली तर पुढच्या सहा महिन्यांत काय होईल? याने डॉक्टर चिडले तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. चिडले नाहीत तरी घ्या.

पिशवीबरोबर अंडाशयही काढतात का?

फायब्रॉइडसाठी अंडाशय काढायची गरज नसते. पाळी जायच्या वयाआधी दोन्ही काढली तर एका रात्रीत रजोनिवृत्ती येते: वाफा, झोपमोड, योनी कोरडी पडणं, हाडं ठिसूळ होणं, हृदयविकाराचा वाढलेला धोका. अंडाशय ठेवली तरी गर्भाशय काढलेल्या स्त्रियांची रजोनिवृत्ती थोडी लवकर येते, असं आढळलं आहे. आपल्याकडे ‘सगळंच काढलं’ असं अभिमानाने सांगितलं जातं. तुमच्या डिस्चार्ज कार्डवर काय काय काढलं, ते स्पष्ट लिहून घ्या.

पिशवी काढल्यावर वजन वाढतं का? शरीरसंबंध ठेवता येतात का?

गर्भाशय नसल्याने वजन वाढत नाही. ऑपरेशननंतर घरचे वर्षभर पाण्याची बादली उचलू देत नाहीत आणि रोज तुपातला लाडू देतात, त्याने वाढतं. दुर्बिणीने झालं असेल तर दोन ते चार आठवड्यांत, पोट उघडून असेल तर सहा आठवड्यांत नेहमीची कामं सुरू होतात. संबंधांसाठी आतले टाके भरून येईपर्यंत, साधारण सहा ते आठ आठवडे थांबा. हा प्रश्न बायका दाराशी जाऊन, परत वळून, हळू आवाजात विचारतात. उत्तर असं, की बहुतेकींना फरक जाणवत नाही, आणि सततचा रक्तस्राव थांबल्याने कित्येकींना बरंच वाटतं. ग्रीवा म्हणजे पिशवीचं तोंड ठेवलं असेल, तर त्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची पॅप स्मिअर तपासणी पुढेही करत राहायची.

माझी आई ४९ वर्षांची आहे. पाळी जाईपर्यंत थांबली तर?

हिमोग्लोबिन सांभाळता येत असेल, अस्तराची तपासणी ठीक आली असेल आणि दाबाचा त्रास नसेल, तर थांबणं हा खरोखरचा उपचार आहे. ट्रॅनेक्झामिक, लोह किंवा मिरेना यांच्या आधारे दोन-तीन वर्षं काढता येतात. त्यानंतर गाठ स्वतःच उतरते. अडचण एवढीच, की पाळी कधी जाईल याची तारीख कोणी देऊ शकत नाही.

खर्चाचं काय? विमा चालतो का?

सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत हे सगळे नेहमीचे उपचार होतात, खर्च खासगीपेक्षा फार कमी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमची शस्त्रक्रिया बसते का, ते अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा. भरती झाल्यावर कागद जमवताना नातेवाइकांची धावपळ होते. खासगी विम्यात बऱ्याच पॉलिसींत फायब्रॉइड व हिस्टरेक्टॉमीला दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो. गाठ आधीपासून माहीत असताना ती अर्जात लपवली तर दावा फेटाळला जातो. जुनी सोनोग्राफी त्यांच्या हाती लागतेच.

काढलेल्या गाठीचं पुढे काय होतं?

ती पॅथॉलॉजीकडे जायलाच हवी. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये मोठी गाठ बारीक करून बाहेर काढतात. ती पोटात उघड्यावर बारीक न करता, त्यासाठीची वेगळी बंद पिशवी (गर्भाशय नव्हे) पोटात घालून तिच्या आत बारीक करणार का, हे आधी विचारा. गाठीत न ओळखलेला कॅन्सर असेल तर तुकडे पोटभर पसरू नयेत, यासाठी ही काळजी. ऑपरेशन थिएटरबाहेर नातेवाइकांना ट्रेमधली गाठ दाखवतात आणि लोक तिचे मोबाइलवर फोटो काढतात. पण खरा कागद आठ-दहा दिवसांनी येतो, आणि टाके काढायला आलेल्या निम्म्या जणी तो मागतच नाहीत. तो हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट मागून घ्या, डॉक्टरांकडून समजून घ्या आणि सोनोग्राफीच्या फाइलीत लावून ठेवा.